गोधडीसाठी डाय-मशीन घ्यावं का? इंदूरच्या शिवणाऱ्या बायकांचे नेहमीचे प्रश्न

मी इंदूरमध्ये गेली बावीस वर्षं गोधड्या, दुपटी आणि बाळंतविडे शिवते. चार वर्षांपूर्वी आमच्या शिवणाऱ्या गटाने वर्गणी काढून कापड कापायचं, हाताने फिरवायचं डाय-मशीन घेतलं. जागा होती म्हणून ते माझ्याकडेच राहिलं. तेव्हापासून भिशीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवातसुद्धा कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "घेऊ का गं आम्ही पण?" त्या सगळ्या बोलण्यातले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे.

हे मशीन नक्की करतं काय?

वाटीने पुऱ्या पाडतो ना, तेच. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबली की गोल निघतो आणि प्रत्येक गोल पहिल्यासारखाच असतो. डायमध्ये वाटीच्या जागी पोलादी पात्याची पट्टी असते. हवा त्या आकारात वाकवून ती एका पाटात बसवलेली असते आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना फोम चिकटवलेला असतो. डायवर कापड ठेवायचं, त्यावर प्लॅस्टिकचा जाड पाट ठेवायचा आणि हे सगळं दोन रुळांमधून पलीकडे न्यायचं. रुळांच्या दाबाने फोम दबतो, पातं वर येऊन कापड कापतं आणि दाब सुटला की फोम फुगून कापलेला तुकडा वर उचलून देतो. हाताने फिरवायच्या मशीनला दांडी असते, विजेवरच्याला बटण.

मशीन फक्त दाब देतं, आकार डायमध्ये असतो. चौकोनाला एक डाय, त्रिकोणाला दुसरा, दोन इंची षटकोनाला वेगळा आणि एक इंची षटकोनाला आणखी वेगळा. हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च इथूनच निघतो.

माझ्याकडे रोटरी कटर, मॅट आणि पट्टी आहे. मग हे कशाला?

चौकोन आणि पट्ट्याच कापत असाल तर नको. रोटरी कटर १९७९मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने काढला. करंजीचं कातणं जसं चाकाने कापत जातं, तसाच तो चालतो. सरळ रेषेच्या कामात त्याला तोड नाही.

एक हिशोब सांगते. साठ बाय नव्वद इंचांच्या गोधडीला शिवून तीन इंच राहणारे ६०० चौकोन लागतात. दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरून प्रत्येक तुकडा साडेतीन इंचांचा कापायचा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून एका पट्टीत १२ चौकोन निघतात, म्हणजे ५० पट्ट्या. दोन कापडं घडी घालून एकावर एक ठेवली की चार थर होतात आणि एका कापात दोन पट्ट्या सुटतात. म्हणजे पट्ट्यांसाठी २५ लांब काप आणि मग चौकोनांसाठी साधारण दीडशे छोटे. सवयीच्या हाताला हे एका दुपारचं काम आहे. तेवढ्यासाठी कपाटाएवढी जागा आणि हजारो रुपये अडकवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मग फायदा कुठे होतो?

गोलाईत. पाव वर्तुळ आणि त्याला बसणारा त्याचा जोडीदार तुकडा, माशाच्या खवल्यासारखे आकार, फुलांच्या पाकळ्या, पानं, षटकोन, पंख्याच्या पट्ट्या, एकमेकांत गुंतलेल्या अंगठ्यांचा नमुना. हे पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलीने आखून, कात्रीने कापायचं म्हणजे प्रत्येक तुकडा किंचित वेगळा येतो. पेन्सिल साच्याबाहेरून फिरते, कात्री रेघेच्या आत किंवा बाहेर जाते. एका तुकड्यात तो केसभर फरक डोळ्याला दिसतही नाही, पण शंभर तुकडे जोडले की एक बाजू दुसरीपेक्षा दोन बोटं लांब होते आणि मग आपण ओढून, चुण्या घालून बसवत राहतो.

पाव वर्तुळाच्या नमुन्याचंच बघा. सात इंची ९६ ब्लॉक, म्हणजे दोन तुकडे जोडून होणारे चौकोन, लागतात. म्हणजे १९२ तुकडे. डायवर दोन्ही आकार एकेक असतील आणि सहा थर घातले, तर १६ फेऱ्यांत सगळं कापून होतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सकाळी चहा ठेवताना सुरू केलं आणि कुकर लावायच्या आत संपलं. त्याआधीची तशीच गोधडी कात्रीने कापायला मला एक अख्खा आठवडा लागला होता. शिवताना तर फरक आणखी जाणवला, कारण गोलाईचे मधले बिंदू आपसूक जुळत होते.

दुसरा फायदा चिकटवून शिवायच्या पॅचवर्कमध्ये. कापडामागे इस्त्रीने चिकटणारा फ्यूजिंग कागद लावून डायमधून काढलं की पानाची टोकं अगदी स्वच्छ निघतात.

मी वर्षाला एखादी गोधडी शिवते. घेऊ का?

नको. कोणाकडे असेल तर एक दुपार तिच्याकडे जाऊन कापून आणा.

पैशाचा हिशोब कसा मांडायचा?

बहुतेक जणी मशीनची किंमत बघून ठरवतात आणि तिथेच फसतात. मशीन एकदाच घ्यायचं असतं. डाय मात्र वाढत जातात, आणि प्लॅस्टिकचे पाट झिजतात ते बदलावे लागतात.

कागदावर तीन गोष्टी लिहा. मागच्या वर्षी तुम्ही कोणते आकार कापले, प्रत्येकाचे किती तुकडे कापले आणि त्याला किती तास लागले. खोटे आकडे धरून दाखवते. मशीन, दोन पाट आणि तीन डाय मिळून ४०,००० रुपये पडले असं समजू आणि एका गोधडीमागे कापायचे ४ तास वाचले असं धरू. वर्षाला ५ गोधड्या करत असाल तर २० तास वाचतात, पाच वर्षांत १००. म्हणजे एका वाचलेल्या तासाला ४०० रुपये मोजले. आपल्याकडे शिवणाला मिळणारी मजुरी बघता हा सौदा पैशात बसत नाही. हेच जर वर्षाला ३० नग करत असाल, तर पाच वर्षांत ६०० तास वाचतात आणि तासाला ६७ रुपये पडतात. तिथे विचार करायला जागा आहे.

पण ते चार तास तरी खरोखर वाचतात का, हे आधी बघा. कापड धुणं, इस्त्री करणं, डायच्या मापाच्या पट्ट्या पाडणं, थर लावणं हे सगळं मशीन घेतलं तरी तुमच्याच हाताला आहे. वाचतं ते आखणं आणि कापणं. तुमचा वेळ मुळात शिवण्यात आणि धावदोऱ्यात जात असेल, आणि गोधडीत तो तिथेच जातो, तर कापणं झटपट झालं म्हणून गोधडी दिवाळीच्या आधी पुरी होईल असं समजू नका.

माझं मनगट आणि अंगठा दुखतो. कात्री धरवत नाही. उपयोग होईल?

या एका कारणासाठी मी पैशाचा हिशोब बाजूला ठेवते. आमच्या गटात दोघींना संधिवात आहे. एकीने गोधडी सोडूनच दिली होती. कात्रीने तिचा अंगठा सुजायचा आणि रोटरी कटर दाबून धरताना मनगट भरून यायचं. आता ती माझ्याकडे येऊन कापते आणि घरी नेऊन शिवते. तिच्यासाठी हे यंत्र तासाला किती रुपये पडलं हा प्रश्नच मला विचारावासा वाटत नाही.

एक सांभाळा. दांडी फिरवताना मनगटाला कमी आणि खांद्याला जास्त ताण येतो. खांदा आखडलेला असेल तर हाताचं मशीन घेण्याआधी कुणाकडे तरी वीस-पंचवीस फेऱ्या फिरवून बघा. थर कमी घातले तर दांडी हलकी जाते. टेबल कमरेच्या उंचीचं असलं तर उभं राहून अंगाच्या वजनाने फिरवता येतं. खांद्यालाही झेपत नसेल तर विजेवरचं घ्या.

आजीच्या लुगड्याची गोधडी करायची आहे. डायने कापू?

मला विचाराल तर अजिबात नको. जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन विरलेलं असतं, कुठे जाड, कुठे जाळी झालेलं. त्याची गोधडी थर लावून, जिथे फाटलं तिथे ठिगळ देऊन, कडेकडेने धावदोरा घालत आत नेली जाते. तुकडा जसा मिळेल तसा लागतो, त्यातच ती उबेची वस्तू तयार होते. नऊवारीचा काठ, पदराचा एक कोपरा, हळदीचा न गेलेला डाग हे सगळं एकसारख्या षटकोनात कापून टाकलं तर आजी ओळखू येणार नाही. माझ्या सासूबाईंच्या लुगड्यांना मी मशीनजवळसुद्धा नेलं नाही.

अगदीच आठवण म्हणून थोडे तुकडे नव्या गोधडीत घालायचे असतील, तर विरलेल्या कापडाला मागून पातळ फ्यूजिंग लावा, नाहीतर डायमधून बाहेर येताना ते कापडच फाटेल.

आपल्याकडचं कोणतं कापड चालतं?

चांगलं घट्ट विणीचं सुती कापड उत्तम. राजवाड्याजवळच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून ठोकात आणा नाहीतर शीतलामाता बाजारातून दोन-दोन मीटर घ्या, बोटांनी दोन्हीकडून ताणून बघा. वीण सरकत असेल तर डायमध्येही सरकेल.

बाग प्रिंट आमच्या गटाचं लाडकं. धार जिल्ह्यातल्या बाग गावचं हे ठशाचं काम, लाल आणि काळ्या रंगातलं. पण ते आधी धुऊनच घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि गडद रंग सुटतो. डायचा तुकडा अचूक मापाचा असतो, मग शिवल्यावर एक कापड आटलं आणि शेजारचं नाही तर त्या अचूकपणाचा काही उपयोग राहत नाही.

माहेश्वरीचा मोह इंदूरकरांना आवरत नाही, महेश्वर इतकं जवळ! पण पारंपरिक माहेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. ते कापड निसरडं. एकावर एक ठेवलेले थर रुळात शिरताना पुढे-मागे सरकतात आणि खालच्या थराचा तुकडा वाकडा निघतो. मी त्याला खळ देते, किंचित ओलं असताना इस्त्री करते आणि दोनच थर घालते. मध्ये एक सुती थर ठेवला तर पकड आणखी बरी येते. जरीचा काठ मात्र कापून बाजूला ठेवा. जर ही धातूची, तिने पात्याला धार उरत नाही. टाचणी, हूक, टिकली, चेन यांचंही तेच. एक टाचणी थरात राहिली तर डायला कायमची खाच पडते, आणि या पात्यांना घरी धार लावता येत नाही.

चंदेरी आणि मलमलला खळ हवीच. जीन्स चालते, पण थर कमी. टीशर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं, त्याला मागून फ्यूजिंग लावा.

एका वेळी किती थर घालायचे?

अ‍ॅक्युक्विल्ट कंपनीचं गो! नावाचं डाय-मशीन आहे, त्याला कंपनी सुती कापडाचे ६ थर सांगते. आमच्याकडे सहा थर फक्त मोठ्या आकारांना घालतो. बारीक पाकळ्या, टोकदार तारे असतील तर चार. चार थरांत स्वच्छ निघतं तिथे सहाचा हट्ट करून अर्धवट कापलेले धागे सोडवत बसायचं, यात वेळ वाचत नाही.

कडेचे धागे अर्धवट राहतात, तुकडे सुटत नाहीत. मशीन खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. हा तक्रारींचा राजा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी कापडाची दिशा बघा. किनारीला समांतर जाणारा उभा धागा सगळ्यांत कमी ताणतो. तो धागा रुळात शिरायच्या दिशेने हवा. म्हणजे किनार तुमच्याकडून मशीनच्या पलीकडे जाईल अशी ठेवा. आडवा धागा त्या दिशेला आला तर दाबाखाली कापड लांबतं, बाहेर आल्यावर आखडतं आणि चौकोनाचा आयत होतो. आमच्या गटात पहिले दोन महिने प्रत्येकीने डायला दोष दिला आणि दोष या दिशेत होता.

मग पाट बघा. प्लॅस्टिकच्या पाटावर पात्याचे ठसे उमटतात, ते उमटायचेच. पण रोज त्याच जागी तोच डाय चालवला तर तिथे चर पडतो आणि चरात कापड दबतं, कापलं जात नाही. दर वेळी पाट उलटा करा, पुढचं टोक मागे करा. त्याने पाट वाकत नाही आणि खूप दिवस टिकतो.

तिसरं म्हणजे कचरा. पात्याच्या आणि फोमच्या फटीत धागे आणि पिंज साठते. दाढीचा ब्रश किंवा जुना दात घासायचा ब्रश घेऊन दर दहा-पंधरा फेऱ्यांनी झाडा.

चौथं म्हणजे डाय रुळात कसा शिरतो. पातं रुळाला समांतर असेल तर त्याची सगळी लांबी एकदम दाबाखाली येते आणि कापायला जड जातं. म्हणून बऱ्याच डायवर चौकोन किंचित तिरके बसवलेले दिसतात. नवीन बायका फोन करून सांगतात, "आमचा डाय वाकडा आलाय." तो मुद्दाम तसा केलेला असतो.

हे सगळं करूनही एकाच जागी धागे राहत असतील, तर तिथे पातं बोथट झालंय किंवा त्याला खाच पडली आहे.

त्रिकोणांचे कोपरे कापलेले निघाले. हे बरोबर आहे?

बरोबर आहे, आणि मला डायची ही गोष्ट फार आवडते. हाताने कापलेल्या त्रिकोणाला शिवल्यावर दोन टोकं बाहेर डोकावतात, आपण त्यांना कान म्हणतो. ते नंतर कात्रीने छाटावे लागतात. डायने ते आधीच छाटलेले असतात, त्यामुळे दोन तुकडे ठेवताना कोपऱ्याला कोपरा लागतो.

पण त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, असते. डायमधून बाहेर काढताना, रचताना, इस्त्री फिरवताना ती ताणली जाते. नवशिक्या बाईला मी अजूनही जुनी पद्धत शिकवते. दोन चौकोन समोरासमोर ठेवायचे, कर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवायचं आणि मग मधून कापायचं. त्यात उरेब बाजू आधीच टाक्यांत बांधली जाते. खळ दिलेलं कापड असेल तर डायचे त्रिकोणही सुरेख वागतात.

डायवर लिहिलेलं माप आणि तुकड्याचं माप जुळत नाही. असं का?

डायवर बहुधा दोन मापं असतात, एक कापलेलं आणि एक शिवून उरणारं. अडीच इंच कापलेला चौकोन शिवल्यावर दोन इंच राहतो. माया सगळीकडे पाव इंच धरलेली असते. आपले टेलर सलवार-कुडत्याला अर्धा-पाऊण इंच सोडतात, त्या सवयीने शिवलंत तर ब्लॉक लहान होत जाईल. शिलाई मशीनला पाव इंचाचा दाबपाय लावून घ्या. डायने अचूक कापून शिवण मात्र अंदाजाने घालायची, असं करू नका.

कापड वाया जातं का?

रोटरीपेक्षा थोडं जास्त. कापड डायच्या आकारापेक्षा चहूबाजूंनी किंचित मोठं ठेवावं लागतं आणि आकारांच्या मधली जागा सुटते. ती कातरण फेकू नका. आम्ही ती उशांत भरतो.

रेडिमेडवाल्यांकडची कातरण किलोवर मिळते. तिच्यासाठी मशीन चांगलं का?

हो, आणि हा इंदूरकरांचा खास फायदा आहे. परदेशीपुऱ्याकडे रेडिमेड कपड्यांचं काम चालतं. तिथली कातरण वेड्यावाकड्या आकाराची, पण नवी आणि कोरी असते. तिच्यावर पट्टी ठेवून सरळ कड शोधत बसलं की अर्धा जीव जातो. डायवर मात्र तुकडा फक्त आकार झाकेल एवढा असला की पुरे. अडीच इंची चौकोन आणि लहान षटकोन असे दोनच डाय घेऊन आम्ही दोन पोती कातरण संपवली. उभा-आडवा धागा तेवढा बघा, आणि पॉलिएस्टर वेगळं काढा. ते इस्त्रीला वेगळं वागतं आणि अंगालाही टोचतं.

कॉम्प्युटरवर आकार काढून कापणारं मशीन घेतलं तर डाय विकत घ्यावेच लागणार नाहीत ना?

नाही लागणार. क्रिकट मेकर २०१७मध्ये आलं, त्यात कापडासाठी फिरतं छोटं पातं बसतं. ब्रदरचं स्कॅनएनकटही त्याच जातीचं. कोणताही आकार, कोणतंही माप कापता येतं. पण कापड चिकट मॅटवर बसवून एकेक थर कापावा लागतो. बाळाच्या नावाची अक्षरं, एखादा मोर, एखादं कमळ करायचं असेल तर हेच घ्या. दोनशे षटकोनांसाठी मात्र सहा थर एका फेरीत काढणारा डाय कितीतरी पुढे जातो.

लेसरने कापून देणारेही शहरात आहेत. सुती कापडाची कड त्यात तपकिरी होते आणि जळका वास धुतल्याशिवाय जात नाही. बाळाच्या कपड्यांना मी लेसर लावत नाही.

इंदूरमध्येच डाय बनवून घेता येईल का?

येईल, पण आधी माझी चूक ऐका.

बाळंतविड्यात लाळेरी लागतात, एका विड्यात चार-सहा. आकार तोच, गोलाई गळ्याला आणि खाली. याच्यासाठी डाय असावा असं मनात आलं. पॅकिंगची खोकी करणाऱ्यांसाठी जे कारागीर प्लायवूडमध्ये पोलादी पात्याची पट्टी वाकवून बसवतात, त्यांच्यातल्या एकाकडे मी तयार लाळेऱ्याचा कागद घेऊन गेले. त्याने त्या कागदाबरहुकूम सुंदर डाय करून दिला. घरी आणल्यावर लक्षात आलं की कागदावर माया नव्हतीच. शिवून उलटवल्यावर लाळेरं अर्धा इंचाने लहान झालं आणि गळा मात्र उलट मोठा होऊन बाळाच्या मानेभोवती सैल पडला. दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. खोक्यांच्या कामातली पट्टी साधारण २३.८ मिलिमीटर उंच असते. आमच्या मशीनच्या रुळांमधून तो डाय जातच नव्हता.

दुसऱ्या वेळी मी आमचा एक डाय आणि एक पाट बरोबर नेला, जाडी मोजून घेतली, माया घालून कागद केला आणि गळ्याच्या मध्यावर जुळवायची खाचसुद्धा त्यातच ठेवायला सांगितली. तो डाय आजही चालतो. तुम्ही बाळंतविडे, टोपडी, लाळेरी, बटवे असं एकाच आकाराचं काम विकत असाल, तर तयार डायपेक्षा असा एक डाय तुम्हाला जास्त पैसे मिळवून देईल. जाताना तुमच्या मशीनचा डाय घेऊन जा, एवढं विसरू नका.

बाहेरून मागवताना काय बघायचं?

डाय जड असतात, त्यामुळे वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि कर धरून पडणारी किंमत काढा. विजेवरचं मशीन अमेरिकेच्या बाजारासाठीचं असेल तर ते ११०-१२० व्होल्टचं असतं, आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. सरळ प्लग लावलात तर मशीन जळेल.

आणि एका कंपनीचा डाय दुसरीच्या मशीनला लागेल असं धरून चालू नका. अ‍ॅक्युक्विल्टच्याच स्टुडिओ मशीनचे डाय गो! मशीनमध्ये चालत नाहीत. रुळांची रुंदीही बघा. सहा इंची तोंडाच्या लहान मशीनमध्ये दहा इंची डाय कधीच जाणार नाही, म्हणून स्वस्त म्हणून लहान घेतलेलं मशीन वर्षभरात अपुरं वाटायला लागतं.

जुनं मिळतंय. घेऊ?

पूर्ण रुंदीचा एक डाय दोन थर घालून चालवून बघा. डावी, उजवी आणि मधली कड सारखी कापली गेली तर रूळ ठीक आहेत. डायच्या पात्यावर बोट फिरवू नका, तिरका प्रकाश टाकून खाचा आणि गंज बघा.

चार-पाच जणींनी मिळून घेतलं तर भांडणं होत नाहीत का?

होऊ शकतात, म्हणून नियम पहिल्या दिवशी ठरवा. आमच्याकडे मशीन आणि डाय जागचे हलत नाहीत, कापायला बाईच येते. वहीत नाव लिहून डाय घ्यायचा, ब्रशने झाडून परत ठेवायचा. पाट बदलायची वेळ आली की सगळ्यांची वर्गणी. टाचणीने डाय खराब झाला तर ज्याच्या हातून झाला त्याने नवा आणायचा. भिशीसारखंच आहे, वही चोख असली की मनं साफ राहतात. माझं मत विचाराल तर इंदूरसारख्या गावात, जिथे आपण सगळ्या एकमेकींना कुठून ना कुठून ओळखतोच, तिथे एकटीने घेण्यापेक्षा मिळून घेणंच शहाणपणाचं आहे.

मशीनने कापलेल्या गोधडीला हाताची म्हणावं का?

गिऱ्हाइकाला खरं सांगा: "कापलंय मशीनने, शिवलंय हाताने." आजवर एकानेही त्यामुळे गोधडी परत केली नाही. शिलाई मशीन आलं तेव्हाही आपल्या आयांनी तुकडे त्यावर जोडले आणि धावदोरा हाताने घातला. मी धावदोरा हातानेच घालते, तो सोडायची माझी तयारी नाही.

घेतलंच तर पहिला डाय कोणता?

जो आकार मागच्या वर्षी तुम्ही सगळ्यांत जास्त वेळा कात्रीने कापला आणि कापताना वैतागलात, तो. चौकोन, त्रिकोण, आयत असलेला मोठा संच बघून मन भुलतं, पण त्यातले निम्मे डाय कपाटात राहतात. आमचा पहिला डाय पाव वर्तुळाचा होता, दुसरा षटकोनाचा, आणि तिसरा घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. पावसाळ्याच्या तोंडावर घेत असाल तर डाय उभे, कोरड्या जागी ठेवायची सोय आधी करा. जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवलेल्या आमच्या षटकोनावर पहिल्याच श्रावणात गंजाचे ठिपके आले होते.